ब्राउझरमधून व्हॉइस आणि व्हिडिओ कॉल : सुरुवात करण्यापूर्वी काय तपासावे

कॉलसाठी वेगळे ॲप इन्स्टॉल करण्याची गरज आता बहुतेक वेळा उरलेली नाही. ब्राउझरमध्येच आवाज आणि चित्र पाठवण्याची सोय असते. तिला वेबआरटीसी असे म्हणतात. गूगलने २०११ साली हे तंत्र सर्वांसाठी खुले केले आणि जानेवारी २०२१ मध्ये त्याला अधिकृत वेब मानकाचा दर्जा मिळाला. क्रोम, फायरफॉक्स, सफारी आणि एज या चारही ब्राउझरांत ते अंगभूत आहे. म्हणून ज्याला लिंक उघडता येते, त्याला कॉलमध्ये सामील होता येते.

सुरुवातीला जित्सी मीटसारखी एखादी सेवा घ्यावी. तिच्या मुख्य संकेतस्थळावर खोली, म्हणजे कॉलची जागा, उघडणाऱ्याला लॉगिन करावे लागते. पाहुण्यांना मात्र लिंक उघडून नाव लिहिले की पुरते. खोलीचे नाव ‘मीटिंग’ किंवा ‘गणित’ असे सहज सुचणारे ठेवू नये, कारण तेच नाव टाइप करून अनोळखी माणूस आत येऊ शकतो. लांब आणि सहजी न सुचणारे नाव ठेवावे व त्याला पासवर्डची जोड द्यावी.

लिंक उघडल्यावर ब्राउझर माईक आणि कॅमेऱ्याची परवानगी मागतो, आणि माझ्या मते निम्म्याहून अधिक अडचणींचे मूळ इथेच असते. घाईत एकदा नकार दिला गेला की ब्राउझर तो लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी बहुधा विचारतही नाही. त्यामुळे कॅमेरा बिघडला आहे असा समज होतो. अशा वेळी संगणकावरील क्रोम किंवा एजमध्ये पत्त्याच्या डावीकडील चिन्हावर क्लिक करावे, दोन्ही परवानग्या चालू कराव्यात आणि पान रिफ्रेश करावे. एवढ्याने काम झाले नाही, तर विंडोज किंवा मॅकच्या प्रायव्हसी सेटिंग्जमध्ये जाऊन मुळात ब्राउझरलाच कॅमेरा व माईक वापरण्याची मुभा आहे का ते पाहावे, कारण संगणकाने ब्राउझरला अडवले असेल तर संकेतस्थळाला दिलेली परवानगी निरुपयोगी ठरते. दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने कॅमेरा आधीच धरून ठेवला असेल, तर तो प्रोग्रॅम बंद करावा. मोबाइलवर मेसेजिंग ॲपमध्ये आलेली लिंक पुष्कळदा त्या ॲपच्या आतल्याच छोट्या ब्राउझरमध्ये उघडते आणि तिथे परवानगीची सूचना येतच नाही. तेव्हा लिंक कॉपी करून नेहमीच्या ब्राउझरमध्ये उघडावी. पत्ता एचटीटीपीएसने सुरू होणारा असावा, कारण असुरक्षित पानाला ब्राउझर कॅमेरा देत नाही.

आवाजाकडे चित्रापेक्षा जास्त लक्ष द्यावे. चित्र अडखळले तरी संभाषण चालते, आवाज तुटला की ते थांबते. संगणकाला हेडफोन, वेबकॅम आणि त्याचा स्वतःचा असे दोन-तीन माईक जोडलेले असतील, तर ब्राउझरने भलताच माईक निवडलेला असू शकतो. म्हणून आत जाण्यापूर्वी एक-दोन वाक्ये मोठ्याने बोलून आवाजाची पट्टी हलते का ते पाहावे. प्रतिध्वनी काढण्याची व्यवस्था ब्राउझरमध्ये असते. तरीही स्पीकर मोठा ठेवला किंवा एकाच खोलीत दोन उपकरणे त्याच कॉलमध्ये असली, तर आवाज घुमतो आणि त्यावर हेडफोन हाच खात्रीचा इलाज आहे. ब्लूटूथ हेडफोनची एक खोड माहीत असावी : त्याचा माईक सुरू होताच अनेक हेडफोन फोनकॉलच्या पद्धतीवर जातात आणि ऐकू येणारा आवाज एकदम पातळ होतो. अशा वेळी माईक म्हणून संगणकाचा स्वतःचा माईक निवडावा आणि हेडफोन फक्त ऐकण्यासाठी ठेवावा.

दोघांच्या कॉलमध्ये ब्राउझर शक्यतो एकमेकांशी थेट जोडले जातात. थेट वाट सापडली नाही, तर मधला रिले सर्व्हर, म्हणजे आवाज व चित्र पुढे पोहोचवणारा संगणक, वापरला जातो. कार्यालयातील कडक फायरवॉल (नेटवर्कवरील ये-जा अडवणारी सुरक्षा व्यवस्था) कधीकधी या दोन्ही वाटा अडवते, आणि मग समोरच्याचे नाव दिसते पण चित्र काळे राहते व आवाजही येत नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तोच कॉल नीट चालला, तर दोष नेटवर्कचा आहे असे समजावे आणि तिथल्या तंत्रज्ञाला तसे सांगावे. इंटरनेट पुरेसे नसेल, तर आधी स्वतःचा व्हिडिओ बंद करावा. वेबआरटीसीतील ओपस हे ध्वनितंत्र ६ किलोबिट प्रतिसेकंद इतक्या कमी वेगातही चालू शकते. व्हिडिओला त्याच्या कितीतरी पट वेग लागतो. आणि तो अपलोडचाही लागतो, जो अनेक जोडण्यांत डाउनलोडपेक्षा बराच कमी असतो.

वेबआरटीसीत आवाज आणि चित्र नेहमी एन्क्रिप्ट होऊनच, म्हणजे इतरांना न कळणाऱ्या सांकेतिक रूपातच, जाते. तथापि, अनेकांच्या कॉलमध्ये ते सहसा मधल्या सर्व्हरवर उलगडून पुढे पाठवले जाते. म्हणून नाजूक बोलणे असेल, तर शेवटपासून शेवटपर्यंत एन्क्रिप्शनची, म्हणजे मधल्या सर्व्हरलाही न उलगडणारी, सोय आहे का ते पाहून ती चालू करावी.

कॉल संपल्यावर लाल बटण दाबून बाहेर पडावे, टॅबही बंद करावा आणि कॅमेऱ्याजवळचा दिवा विझला आहे का ते पाहावे. दिवा तरीही चालू असेल, तर दुसरा एखादा टॅब किंवा प्रोग्रॅम कॅमेरा वापरत आहे असे समजून तो शोधून बंद करावा.