एका एकराची वाडी: कलमं तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत जगवायची कशी

गुजरातमधल्या वांसदा तालुक्यात बाएफ या ग्रामविकास संस्थेने 1982 मध्ये वाडीचं काम सुरू केलं. पुढे पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या डोंगरउतारावरही वाड्या उभ्या राहिल्या. कल्पना साधी: घरच्या एका एकरात फळझाडं, मधल्या पट्ट्यात नेहमीची नाचणी-वरई, बांधावर चारा-सरपणाची झाडं. लावणी तर होऊन जाते. वाडी मरते ती फेब्रुवारी ते मे, घरातली माणसं वीटभट्टीवर गेलेली असताना. म्हणून आधी पाण्याचा आणि कुंपणाचा हिशेब करा, खड्डे नंतर.

एकर म्हणजे साधारण 4000 चौरस मीटर. अर्ध्यात 10 बाय 10 मीटरवर आंब्याची 20 कलमं, उरलेल्यात 7 बाय 7 वर काजूची 40. एकूण 60. कलमाला आठवड्याला 10 लिटर धरलं तरी एका पाळीला 600 लिटर, म्हणजे 15 लिटरचे 40 हंडे. ओढा अर्धा किलोमीटर लांब असेल, तर हे 40 हंडे कोण वाहणार हे खड्डे खणायच्या आधी ठरवा. बहुतेक वेळा ते घरातल्या बाईच्या डोक्यावर येतात, आणि वाडी योजनेच्या अंदाजपत्रकात ते धरलेले नसतात. पाणी लांब असेल तर पहिल्या वर्षी 30 कलमंच लावा. जगलेली 30 ही वाळलेल्या 60 पेक्षा बरी. पाच-सात शेजारी कुटुंबांचा गट करून पाळ्या लावल्या, तर भट्टीवर गेलेल्यांची झाडंही टिकतात.

मडक्याने पाणी निम्म्यावर येतं. आठ-दहा लिटरचं, भाजलेलं पण रंग न लावलेलं, पाणी पाझरणारं मडकं खोडापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरा, भरा, तोंडावर झाकण ठेवा. पाणी हळूहळू पाझरतं. गढूळ पाणी ओतत राहिलात तर वर्षभरात छिद्रं बुजतात आणि मडकं भरलेलंच राहतं. म्हणून फडक्यातून गाळून भरा, काथ्याने आतून घासा.

खड्डे एप्रिल-मेमध्ये, मीटरभर लांब, रुंद, खोल. वरची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला टाका. ऊन खाऊ द्या. भरताना वरची माती, दोन-तीन पाट्या पूर्ण कुजलेलं शेणखत आणि किलोभर सिंगल सुपर फॉस्फेट. कच्चं शेण घातलं की वाळवी हमखास. जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर लावा. पिशवी ब्लेडने कापा, मातीचा गोळा फुटू देऊ नका. कलमाचा जोड जमिनीच्या चार बोटं वर राहिलाच पाहिजे. जोडावरची प्लॅस्टिकची पट्टी राहून जाते. ती वेळेत काढली नाही तर खोड तिथेच आवळतं. जोडाखालचे फुटवे दर पंधरवड्याला खुडा, नाहीतर हापूसच्या जागी रायवळ वाढेल.

कुंपणाला सुमारे 250 मीटर लागतात. फूटभर अंतराने गिरिपुष्पाच्या काठ्या लावल्या तर साधारण 820 लागतात. मधे सागरगोटा टोचा. पहिली दोन वर्षं हे कुंपण शेळी अडवत नाही. भात निघाल्यावर गुरं मोकाट सुटतात, तेव्हा काटेरी फांद्यांची वई घालावीच लागते. राब (भाताच्या रोपांची जागा) भाजायच्या दिवसांत वाडीभोवती तीन मीटर पट्टा गवत कापून मोकळा ठेवा. एका दुपारच्या आगीत तीन वर्षं जातात.

खड्ड्यांची मजुरी रोजगार हमीतून स्वतःच्याच शेतात मिळू शकते. महाराष्ट्रात फळबाग लागवड 1990 पासून रोजगार हमीला जोडलेली आहे. जॉबकार्ड, सातबारा (किंवा वनहक्काचा पट्टा) आणि ग्रामसभेचा ठराव लागतो. मंजुरीला महिने जातात, म्हणून अर्ज दिवाळीच्या आत द्या. कामाची मागणी लेखी करा, तारखेची पोच घ्या. हजेरीपट निघायच्या आधी खणलेल्या खड्ड्याचे पैसे मिळत नाहीत.

काजू तिसऱ्या-चौथ्या वर्षी हाताशी येतो, आंबा त्यानंतर. पहिल्या तीन वर्षांचा आंब्याचा मोहर खुडून टाका. मन होत नाही, पण रोपट्याने फळ धरलं की वाढ खुंटते. तोवर पैसा मधल्या पट्ट्यातून: पावसाळ्यात काकडी, दुधी, कारली, आणि जिथे ओल टिकते तिथे मोगरा. जव्हारकडच्या बऱ्याच घरांचं स्थलांतर आंब्याआधी या मोगऱ्यानेच कमी केलं.