केस करायला सासरच्या गावाला परत जायची गरज नाही

आमच्या गल्लीतली एक पोरगी, माहेर बेळगाव, सासर कोल्हापूरकडं. नवऱ्याच्या छळाला कंटाळून दोनदा लेकरू काखेत मारून परत आली आणि दोन्ही वेळा घरच्यांनीच सांगितलं, केस करायची तर तिकडंच करावी लागते, इथं कर्नाटकात कोण घेणार. साफ खोटं हे. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याप्रमाणे बाई आत्ता जिथं राहतेय, तात्पुरती का असेना, तिथल्या मॅजिस्ट्रेट कोर्टात अर्ज करता येतो, आणि तिथनं मिळालेली ऑर्डर अख्ख्या देशात चालते.

आता छळ ओळखायचा कसा. तिच्या अंगावर वळ नव्हता, म्हणून ती स्वतःच म्हणायची, "मारत नाहीत हो काकू." पण नवरा भाजीला १०० रुपये दिले की परत आल्यावर चिल्लर मोजून घ्यायचा, आईचा फोन आला की स्पीकरवर टाकायला लावायचा. हा पण छळच. कायद्यात मारहाणीबरोबर लैंगिक जबरदस्ती, शिव्या, पाणउतारा, पैशाची कोंडी सगळं येतं. इकडं कर्नाटकात तर सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे २००० बाईच्या खात्यावर आणि एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही! "दारू प्याल्यावरच करतोय, एरवी देवमाणूस" हे ऐकलं की माझं तर डोकंच फिरतं.

जिवावर बेतलं तर ११२, नाहीतर महिलांसाठी १८१. नवरा तुमचा फोन तपासत असेल तर शेजारणीच्या फोनवरनं लावा. आणि अर्जासाठी संरक्षण अधिकारी असतो, आपल्याकडं कर्नाटकात ते काम तालुक्याच्या सीडीपीओंकडं, म्हणजे बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडं असतंय, ऑफिस कुठं ते अंगणवाडीच्या बाईंना विचारा, पोराला सोडायच्या निमित्तानं तिथं जाता येतं आणि घरात कुणाला संशय पण येत नाही. वकिलाला पैसे नसले तरी अडत नाही, १५१०० वर फोन करा, बाईला मोफत वकील मिळतो, कमाई कितीही असो.

पोलिसात गेलात तर एक लक्षात ठेवा, तुम्ही मराठीत सांगाल आणि ते कन्नडमध्ये लिहून घेतील, तर वाचून दाखवून अर्थ कळल्याशिवाय सही करू नका, आणि एफआयआरची कॉपी मागा, फुकट मिळते. दवाखान्यात "पायरीवरनं पडले" सांगू नका, खरं काय ते डॉक्टरला लिहायला लावा.

घर नवऱ्याच्या नाहीतर सासूच्या नावावर आहे म्हणून तुम्हाला असंच बाहेर काढता येत नाही. तरी निघायची पाळी आलीच तर आधार, पासबुक, पोरांचे जन्मदाखले यांचे फोटो आधीच बहिणीकडं पाठवून ठेवा. ओरिजिनल आधार मात्र हाताशी असू दे, त्यावर कर्नाटकाचा पत्ता असला तर शक्ती योजनेत कर्नाटकाच्या साध्या सरकारी बसला राज्यातल्या राज्यात बाईला तिकिटाचे पैसे पडत नाहीत, पर्समध्ये रुपया नसला तरी चिकोडीहून बेळगाव गाठता येतंय.

आणि शेजाऱ्यांनो, संरक्षण अधिकाऱ्याला तुम्ही पण कळवू शकता, चांगल्या हेतूनं कळवलं तर तुमच्यावर काही येत नाही. रात्री भिंतीपलीकडनं आवाज यायला लागला की टीव्ही मोठा करू नका, ११२ लावा.