मायक्रोमीटर घेऊन लॅबमध्ये निघालात? या चुका टाळा

पार्किंगच्या कोपऱ्यात छोटं लेथ मशीन टाकलेले आमच्यासारखे हौशी लोक पहिल्यांदा मेट्रोलॉजी लॅबमध्ये, म्हणजे अचूक मोजमापाच्या प्रयोगशाळेत जातात, तेव्हा बहुतेकांचा चेहरा पडतो. घरी बरोबर आलेलं माप तिथे चुकतं. मग कुणी मायक्रोमीटरला (बारीक मापं घ्यायच्या स्क्रूच्या साधनाला) दोष देतं, कुणी लॅबलाच. बऱ्याचदा घोळ तापमानाचा असतो.

लांबीची मापं जगभर 20 अंश सेल्सिअसला धरली जातात. मे महिन्यात पुण्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये 35 अंश सहज असतात. माझा अ‍ॅल्युमिनियमचा स्पेसर (दोन भागांत अंतर राखणारा तुकडा) शेडमध्ये 100.00 मिलीमीटर होता, लॅबमध्ये 99.98 भरला. अ‍ॅल्युमिनियम एका मीटरला दर अंशामागे साधारण 23 मायक्रॉन (मिलीमीटरचे हजारावे भाग) वाढतं, पोलाद 11.5. म्हणजे 15 अंशांच्या फरकाने जॉब (घडवायचा तुकडा) 34 मायक्रॉन फुगला होता आणि पोलादी मायक्रोमीटर 17. मधले 17 मायक्रॉन मी जास्तीचे कापून बसलो होतो! जॉब पोलादाचा असता तर दोन्ही सारखेच फुगले असते आणि माप जुळलं असतं.

म्हणून पिशवीतून काढलेला जॉब लगेच मोजायला देऊ नका. लॅबवाले त्याला काही तास तिथेच ठेवून थंड होऊ देतात. दहा जणांचा घोळका घेऊन तर मुळीच जाऊ नका. शांत बसलेला माणूससुद्धा साधारण शंभर वॉटच्या बल्बइतकी उष्णता सोडतो, म्हणजे दहा जण मिळून एक हीटरच झाला. स्लिप गेजना (नेमक्या मापाच्या पोलादी ठोकळ्यांना) बोट लावू नका: हाताच्या उबेने माप वाढतं आणि घामाने गंज चढतो. ग्रॅनाइटच्या सरफेस प्लेटवर, म्हणजे मोजमापाच्या सपाट फरशीवर टेकून गप्पा मारणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

दुसरी नेहमीची तक्रार गोलाईची. 'चारी बाजूंनी मोजलं, व्यास एकच येतो, तरी लॅब म्हणते रिंग गोल नाही.' पातळ रिंग लेथच्या तीन जबड्यांच्या चकमध्ये (पकडीत) आवळून बोअर केली, म्हणजे आतून कातली, की सोडल्यावर तिचं भोक तीन उंचवट्यांचं होतं. आतला व्यास मोजणारा दोन टोकांचा मायक्रोमीटर समोरासमोरचे दोनच बिंदू पकडतो. एका बाजूला उंचवटा, तर समोर नेमका खोलगट भाग, त्यामुळे व्यास जवळपास सारखाच दिसतो. निघण्यापूर्वी रिंग व्ही ब्लॉकवर (V आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यावर) ठेवा, काट्याच्या डायल गेजचं टोक भोकाच्या आत टेकवा आणि रिंग हळूहळू फिरवा. काटा हलला तर चकला मऊ जबडे लावून ते रिंगच्या मापाला बोअर करा आणि पकड बदला, लॅबची फी वाचेल.

जाताना बर (कडेला राहिलेली धातूची कुसळं) काढा, तेल पुसा, मॅग्नेटिक चकवर धरलेला जॉब असेल तर त्यातलं चुंबकत्व काढून घ्या. आणि कॅलिब्रेशन म्हणजे दुरुस्ती नव्हे. प्रमाणपत्रात चूक किती आणि त्या आकड्याची अनिश्चितता किती एवढंच लिहिलेलं असतं. मायक्रोमीटरचं शून्य जुळवून हवं असेल तर देतानाच तसं सांगा.