सर्जिकल स्किल्सच्या वर्कशॉपला जाण्याआधी

पहिलं काम ड्यूटीचं. वर्कशॉपच्या आदल्या रात्री तुमचा कॉल लागला असेल, तर आजच कुणाशी तरी बदलून घ्या. रात्रभर जागलेला हात सकाळी सुई धरताना थरथरतो, आणि आपल्याला हे जमणारच नाही असा उगाच समज होऊन बसतो.

अर्ज भरतानाच काही गोष्टी कळवून टाका: ग्लोव्ह्जचा साइज, लॅटेक्सची ॲलर्जी, आणि तुम्ही डावखुरे असाल तर तेही. नीडल होल्डरचं, म्हणजे सुई धरायच्या चिमट्याचं, लॉक उजव्या अंगठ्याच्या ढकलण्याने सुटेल अशा बेताने बनवलेलं असतं. डाव्या हातात तेच लॉक अडकून बसतं आणि दिवसातला निम्मा वेळ त्याच्याशी झटापट करण्यात जातो. सराव बऱ्याचदा डुकराच्या पायावर किंवा आतड्यावर असतो. त्याला हात लावायचा नसेल तर तसं आधी सांगा, सिंथेटिक पॅडची सोय होऊ शकते. ऐन टेबलापाशी सांगितलं तर सगळ्यांचीच पंचाईत.

आता गाठ. इथे मी जरा हट्टी आहे. वर्कशॉपला गाठ शिकायला जाऊ नये, आपली चुकणारी गाठ दुरुस्त करून घ्यायला जावं. शिकवणारे थोडे, टेबलं जास्त. त्यांची तुमच्या वाट्याला आलेली दहा मिनिटं पहिला फास दाखवण्यात का घालवायची? बुटाच्या दोन वेगळ्या रंगांच्या नाड्या घ्या, ड्रॉवरच्या मुठीला अडकवा आणि सावकाश गाठ मारा. स्क्वेअर नॉट, म्हणजे न सरकणारी गाठ, बरोबर पडली तर ती सपाट बसते आणि प्रत्येक रंगाचं टोक आपल्याच दोरीला लागून बाहेर येतं. टोकं आडवी निघाली, तर ती ग्रॅनी, म्हणजे सरकणारी. पुढची पायरी रिकाम्या कागदी ग्लासची. तो टेबलावर मोकळा ठेवायचा, वरच्या कडेला भोक पाडून त्यातून धागा ओवायचा आणि गाठ अशी मारायची की ग्लास जागचा हलणार नाही. ग्लास उचलला गेला म्हणजे तुम्ही धागा वर ओढताय, आणि पोटाच्या खोलात ती ओढ रक्तवाहिनी फाडू शकते. दोन्ही हातांनी जमलं की ग्लोव्ह्ज घालून, मग ते ओले करून. सिल्कचा धागा गाठ धरून ठेवतो. पॉलीप्रोपिलीनचा, म्हणजे प्लास्टिकचा, धागा गुळगुळीत आणि हट्टी, त्याला पाच-सहा फास लागतात. दोन्ही धागे हाताळून जा.

हा सराव शेवटच्या शनिवार-रविवारवर टाकू नका. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३८ ज्युनियर रेसिडेंटना बारीक रक्तवाहिन्या जोडायला शिकवलं होतं. निम्म्यांची चारही सत्रं एका दिवसात, बाकीच्यांना आठवड्याला एक. महिन्याभराने परीक्षा घेतली, तेव्हा दर आठवड्याला एक सत्र शिकलेले सरस ठरले. रोजची पंधरा मिनिटं पुरतात.

सुई धरायची तर टोकापासून दोन-तृतीयांश अंतरावर. धागा जोडलेल्या मागच्या टोकाला पकडली की ती वाकते. कातडीत शिरताना टोक काटकोनात हवं, आणि पुढचं काम मनगटाच्या वळणाने. सरळ ढकलू नका, सुई गोल आहे. मोबाइल पुस्तकांच्या चळतीला टेकवून स्वतःच्या हातांचं दोन मिनिटांचं चित्रीकरण करा. बघताना लाज वाटते, पण कोपर हवेत जातंय आणि डावा हात नुसताच बसलाय हे तिथेच दिसतं.

हत्यारांची नावं पाठ असावीत एवढंच. १०, ११ आणि १५ नंबरची ब्लेडं ३ नंबरच्या हँडलवर बसतात. धागा कापायला सरळ मेयो कात्री. मेट्झेनबॉमने, म्हणजे शरीरातला नाजूक भाग कापायच्या कात्रीने, धागा कापलात तर कुणीतरी ओरडेल, आणि ते योग्यच असेल. ब्लेड चढवताना-उतरवताना आर्टरी फोर्सेप (रक्तवाहिनी पकडायचा चिमटा) वापरा, बोटं नाहीत.

लॅपरोस्कोपीचा (दुर्बिणीतून शस्त्रक्रियेचा) भाग असेल तर बॉक्स ट्रेनरवर, म्हणजे तिच्या सरावाच्या पेटीवर, आधी तासभर तरी घालवा. हात डावीकडे नेला की हत्याराचं टोक उजवीकडे जातं. पहिल्या दिवशी याने डोकं फिरतं, आणि ते सगळ्यांचंच फिरतं. पेग ट्रान्सफर, म्हणजे छोट्या वस्तू हत्याराने एका खुंटीवरून दुसरीवर नेणं, कंटाळवाणं वाटतं, तरी तेच करा. टाक्यांच्या मागे लागू नका.

त्या दिवशी नखं कापलेली, अंगठी-घड्याळ घरी, चश्मा घसरणारा असेल तर मागे दोरी. वहीत तीनच प्रश्न लिहून न्या, आपल्याच हाताबद्दलचे.

निघताना उरलेला धागा आणि मुदत संपलेली पाकिटं मागून घ्या, बहुतेक जण देतात. सुया मात्र तिथल्या शार्प्सच्या डब्यात. पुढच्या चार आठवड्यांत एकेक संध्याकाळ डायरीत आत्ताच अडवून ठेवा, ड्यूटीचा तक्ता लागायच्या आत.