चेतक, मांगर आणि १९७८ साल: शूटच्या आधीची तयारी

जुन्या काळातले वाटतील असे फोटो काढायचे असतील तर आधी साल ठरवा. नुसता 'जुना लुक' म्हणून चालत नाही, साल ठरलं की अर्धी यादी आपोआप होते. आमचं ठरलंय १९७८, कारण काकांकडे बजाज चेतक स्कूटर आहे आणि चेतक आली १९७२ ला, म्हणजे साठीचं दशक दाखवायचं असेल तर ही गाडी चालणार नाही, लॅम्ब्रेटा शोधावी लागेल. आणि इथे वेंगुर्ल्यात करत असाल तर ट्रंकेवर पत्ता रंगवताना 'जि. रत्नागिरी' लिहा, सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ ला! काकांची गाडी नंतरची, नंबर एमएच-०७, तो फोटोत नको, म्हणून पुढच्या प्लेटवर शूटपुरती काळी पट्टी. नंतर बसवलेले आरसे, स्टिकर, सीटचं चकचकीत कव्हर, सगळं उतरवायचं.

जागा म्हणून आम्ही घरामागचा मांगर, म्हणजे सामान ठेवायची चिरेबंदी खोपी, रिकामा करतोय. दार रुंद आणि पायरी नाही, गाडी सरळ आत जाते, शंभर किलोच्या आसपासचं लोखंड उचलून जिन्याने वर न्यायचा विचार सुद्धा करू नका. लांबी मात्र टेपने मोजून घ्या. गाडी सहा फुटांच्या आत, बाजूला माणसं धरून फ्रेम आठ फूट रुंद हवी, त्यासाठी फुलफ्रेम कॅमेऱ्यावर ५० एमएम लेन्स लावून (लहान, म्हणजे क्रॉप सेन्सर असेल तर ३५) साधारण अकरा फूट मागे जावं लागतं, गाडीच्या मागे पडदा चार-पाच फुटांवर, आणि तुम्हाला उभं राहायला तीन फूट, म्हणजे वीस फूट पाहिजेतच. पडदा गाडीला चिकटून लावला तर गाडीची सावली त्यावर पडते आणि सगळी मजा जाते. तो बारा फूट रुंद करा, कमी केलात तर कडेला भिंतीचे चिरे दिसणार.

पडदा छापील फ्लेक्सचा नको, लाइट पडला की चमकतो. मांजरपाटावर डिस्टेंपरने रंगवून घ्या, जिना, खांब, लांबवर बाग, जसे जुन्या स्टुडिओत असायचे तसे. रंगवायला गणपतीच्या शाळेतल्या, म्हणजे मूर्ती घडवतात तिथल्या, माणसाइतका हात कुणाचा बसत नाही, पण चतुर्थीच्या आधी त्यांना विचारूच नका, त्यांना जेवायला वेळ नसतो. आम्ही चतुर्थी झाल्यावर काम दिलं आणि शूट ठेवलंय दिवाळीनंतर, तोवर पाऊसही गेलेला असतो. घडीच्या सुरकुत्या जायला पडदा दोन दिवस आधी टांगून खाली काठी बांधून ठेवायचा.

आता गाडी, सगळ्यात जास्त वेळ हिलाच द्या. खाऱ्या वाऱ्याने क्रोमवर गंजाचे ठिपके येतातच, अॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासला की बरेचसे जातात, मग कोरडं करून पॉलिश. इंजिनकडचं ग्रीस रॉकेलच्या फडक्याने. पण पत्र्यावरचे जुने पोचे, लेगशिल्डची (पायांपुढच्या पत्र्याची) घासलेली कड तशीच राहू द्या, कृपा करून नवीन रंग मारू नका, ती गाडी वापरलेली आहे हेच तर फोटोत दिसायला हवं. टाकीतलं पेट्रोल काढून घ्या, पेट्रोलचा कॉक बंद करा, आणि बंद जागेत इंजिन अजिबात चालू करायचं नाही, धूर विषारी असतो. गेल्या वेळी जमिनीवर तेल ठिबकलं आणि उसनी आणलेली चटई खराब झाली, म्हणून आता खाली पुठ्ठा. हेडलाइट पेटलेला हवा असेल तर आत बॅटरीवरचा छोटा पिवळट एलईडी ठेवा, कारण इंजिन चालू न करता तो उजेड मिळणार नाही.

लाइट एकच मोठा, वरून तिरका, समोरच्या बाजूला उजेड परतवायला पांढरी चादर. चेतकचं पोट गोल असल्यामुळे त्यात सगळं मांगर दिसतं, तुमचा लाल टीशर्ट पण, तेव्हा त्या दिवशी काळे कपडे घाला. लेन्सवर लावायचा पोलरायझर फिल्टर रंगावरची चमक कमी करतो, क्रोमवर त्याचा उपयोग नाही, तिथे चादर आणि काळं कापड सरकवूनच काम होतं. अ‍ॅपर्चर एफ ५.६ ठेवा, गाडी शार्प आणि पडद्यावरचे ब्रशचे फटकारे जरासे मऊ. वीज जाणारच असं धरून बॅटरीवरचा एक लाइट भरून ठेवा. आणि कॅमेरा एसीच्या खोलीतून थेट बाहेर काढू नका, लेन्सवर वाफ धरते, अर्धा तास बॅगेतच राहू दे.

कपड्यांचं बहिणीकडे दिलंय, टेरिकॉटची बेलबॉटम आजोबांच्या ट्रंकेतच सापडली, नायलॉनची साडी मावशीची. गजरा सुरंगीचा हवा होता पण ती फुलते मार्च-एप्रिलला, म्हणून अबोली. हातात चावीचं घड्याळ, शेजारी वळकटी आणि ट्रान्झिस्टर, एवढंच पुरे, जास्त वस्तू मांडल्या की दुकान वाटतं.

राहिलं बसणं. आजच्या मुलांचे हात हँडलवर चुकीचे पडतात, डाव्या मुठीत क्लच आणि गिअर एकत्र असतात हे त्यांना माहीत नाही. त्यामुळे पहिल्या फ्रेमला काकांनाच बसवणार, मनगट कसं वळतं ते सगळ्यांना बघू दे, आणि तो फोटो मी काकूसाठी वेगळा काढून ठेवणार आहे.