लोट्काचा नियम लावण्याआधी नावं निवडा

एकच लेख लिहून थांबणारे ढीगभर आणि वीस-वीस लेख लिहिणारे मोजकेच, हे बहुतेक विषयांत दिसतं. संख्याशास्त्रज्ञ आल्फ्रेड लोट्काने १९२६ साली ते सूत्रात बसवलं, तोच लोट्काचा नियम. एक लेखवाले १०० असतील, तर दोन लेखवाले साधारण २५, तीनवाले ११. म्हणजे एक लेखवाल्यांच्या संख्येला लेखांच्या संख्येच्या वर्गाने भागायचं, म्हणून घातांक २. तुमच्या विषयात हा घातांक किती निघतो, ते असं तपासा.

स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या संशोधन-लेखांच्या सूचींमधून एका विषयाच्या, ठरावीक वर्षांच्या नोंदी उतरवून घ्या.

आता नावं. तांदळातले खडे निवडतात तशी ती हाताने निवडावी लागतात. मी पहिल्यांदा हे काम सॉफ्टवेअरवर सोपवलं, घातांक भलताच मोठा आला आणि नवा शोध लागल्याच्या थाटात तो मार्गदर्शकांना दाखवायला गेलो. त्यांनी यादी वाचली आणि हसल्या. 'जोशी एस', 'जोशी एस व्ही' आणि 'कुलकर्णी एस आर' ही एकच बाई होती. आपल्याकडे लग्नानंतर आडनावच काय, मधलं आद्याक्षरसुद्धा बदलतं. वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं. एका माणसाचे असे तुकडे झाले की एक लेखवाल्यांची खोटी गर्दी होते आणि घातांक फुगतो. उलट 'पाटील ए' या एका नावाखाली चार पाटील लपले, तर तो उतरतो. दोन्ही चुका एकमेकींना खोडतील या भरवशावर राहू नका.

माझी रीत अशी: आधी ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे प्रत्येक संशोधकाचा स्वतंत्र ओळख-क्रमांक, तो नसेल तर संस्था आणि सहलेखक. तरीही शंका उरली तर मूळ लेख उघडून ईमेल बघायचा. कंटाळवाणं आहे, पण याला जवळची वाट नाही.

सहलेखकांचं काय करायचं तेही आधीच ठरवा. लोट्काने श्रेय फक्त मुख्य लेखकाला दिलं होतं. तुम्ही सगळ्यांना देणार असाल तर त्याच्या आकड्यांशी थेट तुलना करू नका.

घातांक काढताना लॉग-लॉग आलेखावर (दोन्ही अक्षांवर लॉगॅरिदम घेतलेल्या) सरळ रेघ ओढू नका, शंभर ठिकाणी तसं सांगितलेलं असलं तरी. शेपटाकडे, म्हणजे खूप लेखवाल्यांच्या टोकाला, एकेक लेखक असलेले बिंदू रेघ हवी तशी ओढतात. मॅक्झिमम लाइकलीहुड वापरा, म्हणजे ज्या घातांकाने तुमची माहिती मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त ठरते तो घ्या.

शेवटी नियम माहितीला बसतो का ते बघणारी कोलमोगोरोव्ह-स्मिर्नोव्ह चाचणी: निरीक्षित आणि अपेक्षित संचयी प्रमाणांतला सर्वांत मोठा फरक १.३६ भागिले लेखकसंख्येचं वर्गमूळ, यापेक्षा जास्त निघाला, तर पाच टक्के पातळीवर नियम बसत नाही. घातांक त्याच माहितीतून काढलेला असल्याने ही मर्यादा सैलच आहे. बसला नाही तर तसंच लिहा. २ आणण्यासाठी नोंदी गाळू नका. लोट्काच्या रसायनशास्त्राच्या आकड्यांतही तो १.८८८ निघाला होता.