जुन्या वाड्याचा गिलावा: आधी सिमेंटची गोणी परत पाठवा

गढीची, राजवाड्याची किंवा आजोबांच्या वाड्याची भिंत फुगली असेल, तर गवंड्याला बोलावण्याआधी ती बोटाच्या पेरांनी वाजवून बघा. टणक आवाज आला तर हात लावू नका. बद्द आवाज आला तर तिथला गिलावा विटेपासून सुटलाय. खडूनं तेवढ्याच भागाभोवती रेघ ओढा. आणि वाडा सरकारनं संरक्षित केलेला असेल, तर पुरातत्त्व खात्याच्या लेखी परवानगीशिवाय खडूसुद्धा काढू नका.

मी शिकले ती फटका खाऊन. सासरच्या वाड्यात माजघराला मीच हौसेनं सिमेंट लावून घेतलं होतं. तिसऱ्या पावसाळ्यात जोत्यातून चढलेली ओल सिमेंटमागे कोंडली, भिंतीला लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर येणारा खार, लागला आणि भिंतीत शिरलेलं तुळईचं टोक चिमटीत कुस्करण्याइतकं मऊ झालं. चुन्याच्या भिंतीला ओल बाहेर टाकायला वाट लागते. ती आम्ही बुजवली होती.

तर चुना. पहिल्या बाजीरावानं १० जानेवारी १७३० ला शनिवारवाड्याचा पाया घातला, तेव्हा साग जुन्नरच्या रानातून आला, दगड चिंचवडच्या खाणीतून आणि चुना जेजुरीच्या पट्ट्यातून. दगडी बांधकाम हा छत्रपतींचा मान, अशी तक्रार साताऱ्याला गेली म्हणून वरचं काम विटांत झालं, असं सांगतात. १८२८ च्या आगीत सागवानी माड्या जळाल्या, जोती उरली. त्या जोत्यांवरून फिरताना माझी नजर आपोआप दर्जांकडे, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांकडे जाते. बरोबरची माणसं वैतागतात.

चुनकळी, म्हणजे भाजलेला पण पाणी न लागलेला चुना, ढेकळांतच घ्या. पोत्यात आधीच भुगा झालेला असेल तर तिनं हवेतली ओल पिऊन दम टाकलाय. लोखंडी पिंपात पाणी भरा आणि पाण्यात थोडीथोडी कळी सोडा. कळीवर पाणी ओतायचं नाही, उसळून अंगावर येतं. डोळ्यांना चष्मा हवाच. रटरट उकळी बसली की ढवळा, दुसऱ्या दिवशी गाळा आणि वर चार बोटं पाणी ठेवून निदान महिनाभर विसरून जा. लोण्यासारखा झाला की तो तयार.

पूर्वी बैल घाण्यात चुना मळायचे. आता बैल नाहीत, मुसळ आहे. माझं प्रमाण एक भाग चुना, एक भाग सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, दोन भाग चाळलेली नदीची वाळू. कोरडाच, म्हणजे वरून पाणी न घालता, तासभर कुटायचा; पाण्याची घाई करणारा माणूस हमखास तडे पाडतो. मग हिरडा-गुळाचं पाणी बेतानं शिंपडायचं: दहा लिटरला अर्धा किलो कुटलेला हिरडा, तेवढाच गूळ, चार दिवस भिजवून गाळलेलं. वास आंबूस येतो, शेजारी विचारतात. अंडी घालायची का, हेही विचारतात. घरची भिंत आहे, ऑम्लेट नाही.

मुहूर्त दिवाळीनंतरचा. सुटलेला गिलावा काढा, विटांच्या दर्जा बोटाच्या पेराइतक्या खरवडा, ब्रशनं माती झाडा आणि आदल्या रात्रीच भिंत भरपूर भिजवा. कोरडी वीट चुन्यातलं पाणी ओढून घेते, मग तो पकडत नाही. माल थापीनं फेकून मारायचा, सारवायचा नाही. एका थराला एक सेंटिमीटर पुरे. अर्धवट आवळला की वर खिळ्यानं तिरक्या रेघा ओढा, आठवडाभर थांबा, मग दुसरा थर.

ऊन लागू देऊ नका. ओली गोणपाटं टांगा आणि दहा दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडा. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून चुन्याचा पुन्हा चुनखडीचा दगड होतो. ते काम सावकाश चालतं. शेवटचा हात नुसत्या गाळीव चुन्याचा, कागदासारखा पातळ, आणि तो गुळगुळीत गारगोटीनं घोटायचा. आमच्या माजघरात चार हात भिंत घोटायला मला पूर्ण दुपार लागली. खांदा दोन दिवस उचलत नव्हता.

उरलेला चुना टाकू नका. पिंपावर झाकण ठेवा आणि पाणी आटत आलं की वर तांब्याभर ओतत राहा. पुढच्या वर्षी देवघराची भिंत वाजवायची आहेच.